केझायाचं वय

९ नोव्हेंबर १८२७
शाळेमागची खोली, मेरीलँड, खाडीचा पूर्वकाठ

एनॉक, माझ्या लेकरा,

हे तुझ्या बापाचं पत्र आहे. चुलीत घालावंसं वाटलं तर घाल, पण त्याआधी एवढी एक ओळ वाच: तुझी बहीण केझाया सुटू शकते, आणि तिची सुटका तुला ठाऊक असलेल्या एका पत्त्यावर अडली आहे.

वाचतोयस अजून? मग बसून वाच. मला थोडक्यात सांगता येत नाही. तुझी आई म्हणायची, ‘ओबेदला पाणी मागावं तर आधी विहिरीची गोष्ट सांगतो.’

पाच वर्षांपूर्वी गुलामी पाप मानणाऱ्या त्या क्वेकर फेरीवाल्याच्या हातून तुझा कागद आला होता. सहा ओळी. केंटकीतून पळालास, नदी ओलांडलीस, सिनसिनाटीत लाकडी पिंपं बांधतोस, बायकोचं नाव मर्सी, तुझं स्वतःचं नाव आता एनॉक वेल्स. आणि सहावी ओळ, ‘उत्तर नको.’ म्हणून दिलं नाही. जन्मात तुझं एवढं एक मागणं माझ्या हातून पुरं झालं होतं, तेही आज मोडतोय.

थॉर्नहिलबाई मार्चमध्ये गेल्या. मृत्युपत्रात लिहून गेल्या की माझ्यामागे केझाया मोकळी. तीस वर्षं केझीने त्यांचं केलं, शेवटची दोन वर्षं तर चमच्याने भरवलं. मृत्युपत्र वाचलं त्या दिवशी ती इथवर चालत आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, ‘बा, मला बस म्हण. आज कोणीतरी मला बस म्हणायला हवंय.’ मी म्हटलं, ‘बस, माझे बाई.’ ती बसली, आणि आम्ही दोघं आदल्या दिवशी उरलेली मक्याची भाकरी गुळाच्या काकवीशी खात बसलो, जणू लग्नाचं जेवण.

आठवड्यात सगळं फिरलं. बाईंचा वारस त्यांचा पुतण्या रॉजर. त्याला ही जमीन काढून टाकून सगळी माणसं अलाबामाला न्यायची आहेत, कापूस लावायला. तो म्हणाला, कायदा बघा. कायदा असा की पंचेचाळीस उलटलेल्या गुलामाला मोकळं करता येत नाही. म्हातारी माणसं सुटली की गावाच्या गळ्यात पडतात म्हणे. मला माझ्या मालकांनी, शाळेच्या ड्युअर्ट मास्तरांनी, चव्वेचाळिसाव्या वर्षी मोकळं केलं, अगदी दार लागता लागता. केझी तर बाई गेल्या तेव्हा बेचाळिसाची. पण कागद तसं म्हणत नाही. थोरले थॉर्नहिलसाहेब वारले तेव्हा, सत्त्याण्णव साली, माणसांची यादी झाली होती. तीत लिहिलंय, ‘केझाया, वय सतरा.’ त्या हिशेबाने बाई गेल्या तेव्हाच ती सेहेचाळीस. प्रत्यक्षात तेव्हा तिला तेरावंही सरलं नव्हतं. काहीतरी चूक झाली लिहिताना. तीस वर्षांपूर्वीच्या चुकीला आता कुठे जाऊन विचारायचं?

क्वेकर मंडळींनी एक वकील दिलाय, पेल नावाचा, मिसरूड नुकतं फुटलेला. दावा लागलाय. दावा चालू आहे तोवर केझीला राज्याबाहेर नेता येत नाही. हरलो की पहिल्या गाडीत तिला बसवणार.

मी पेलसाहेबांना म्हटलं, ‘तिचं वय मी सांगतो की. ती जन्मली तेव्हा मी दाराबाहेरच होतो.’

ते म्हणाले, ‘काका, तुमची साक्ष चालणार नाही.’

‘का? मी मोकळा आहे. कागद आहे माझ्याकडे.’

‘मोकळे आहात, पण काळे आहात. गोऱ्याविरुद्ध काळ्याचा शब्द कोर्ट घेत नाही. तिच्या जन्माच्या वेळी हजर असलेलं एखादं गोरं माणूस आणा.’

‘साहेब, मांस धुरवायच्या धूरघरामागच्या खोपटात गोरं माणूस कशाला झक मारायला येईल?’

ते हसले, मीही हसलो. आणि हसता हसता मला आठवलं, एक आलं होतं. थोरल्या साहेबांची मुलगी ल्युसिंडा, सात वर्षांची. डुकरं मारायचा आठवडा होता, चौऱ्याऐंशी सालचा डिसेंबर, अंगणात कढया उकळत होत्या, आणि ती पोर आईचा डोळा चुकवून लाल घोंगडी घेऊन बाळ बघायला आली होती.

तिचं नाव वाचून तुझा जबडा आवळला असेल. तीच. सत्त्याण्णव साली लग्न करून केंटकीला गेली आणि बापाच्या मृत्युपत्राप्रमाणे चौदाच्या आतली सगळी लेकरं तिच्या वाट्याला गेली. तू आठ वर्षांचा होतास. तिचा नवरा मेला आणि तिने दुसरा केला एवढं इथे ऐकू आलं, पण नवं नाव, नवं गाव कोणाला माहीत नाही. ज्याला आहे तो रॉजर सांगणार नाही. तिच्या घरात सोळा वर्षं काढलेला माणूस मला एकच माहीत आहे.

तिच्या दारात जा असं म्हणत नाही रे. फक्त नाव आणि गाव. पुढचं वकील बघेल, तिकडच्या तिकडे शपथेवर तिची जबानी घेतील.

मी अजून शाळा झाडतो. मास्तर जाऊन वीस वर्षं झाली, पण शेगडी तीच, फळ्याला पडलेली चीर तीच. सकाळी पोरं ओळीने उभी राहून कविता म्हणतात आणि मी बाहेर लाकडं रचत ओठ हलवतो. ती मेंढपाळाची अजून म्हणतात. तुला खांद्यावर बसवून म्हणायचो, आठवते?

मोजू नको रे मेंढपाळा, कळप घरी वळताना;
एक तरी ते राही मागे, दिवस डोंगरी ढळताना.

कोणी लिहिली ते मला कधीच कळलं नाही.

तुझा बाप,
ओबेद


२७ जानेवारी १८२८

एनॉक,

तुझं पत्र आलं. पोस्टमास्तर म्हणाला, ‘ओबेद, तुला पत्र? कोण मेलं?’ मी म्हटलं, ‘कोणी नाही साहेब, जिवंत माणसाचं आहे.’ शाळेपर्यंत न उघडता आलो. पत्रावरची लाख शेगडीपाशी धरून मऊ केली.

तू लिहिलंस: ‘बाईचं नाव आता मिसेस हॅरो. मेसव्हिलच्या वर चार मैलांवर, नदीकाठी, दगडी धुराड्याचं घर. हे मी केझीसाठी सांगतोय, बापा, तुझ्यासाठी नाही. नाव-गाव दुसऱ्या चिठ्ठीवर उतरवून घे आणि हा कागद जाळ. माझी जागा, माझं नवं नाव कोणाच्या हाती लागू देऊ नकोस. त्या बाईचे मुलगे अजून माझा माग काढतात.’

जाळला. काळजी करू नकोस.

पण लेकरा, काय अक्षर आहे तुझं! उभं, एका उंचीचं, पिंपाच्या फळ्या लावाव्यात तसं एकाला एक चिकटून. शिकलास कुठे? मी तुला दोनच अक्षरं शिकवली होती, तीही राखेत बोटाने. मास्तर असते तर त्यांनी शाळेतल्या सगळ्या धनिकांच्या पोरांना तुझ्या पत्रासमोर उभं केलं असतं. पेलसाहेबसुद्धा म्हणाले, ‘काका, असं अक्षर माझ्या कारकुनाचंही नाही.’

ते असो.

केझी रविवारी येते. दावा चालू असला तरी राहायचं रॉजरच्याच स्वयंपाकघरात. बाईंच्या वेळी ती चुलीची मालकीण होती, आता तिला कालवं फोडायला बसवतात, बोटं चिरेपर्यंत. रॉजर येता-जाता बोलतो. ‘काय गं म्हातारे, सेहेचाळीस ना? अलाबामात ऊन छान असतं, सांधे मोकळे होतील.’ ती म्हणाली, ‘सेहेचाळिसाची झाले असते तर तुम्हाला मांडीवर घेऊन धुतलं असतं साहेब, आणि तेव्हाच नीट धुतलं असतं.’ त्याबद्दल तिला दोन दिवस जेवण नाही. मला हे सांगताना ती हसत होती. मी हसू शकलो नाही.

मी तिला कविता म्हणून दाखवली. म्हणाली, ‘बा, इथे डोंगर कुठाय? पाण्याच्या वर हातभर जमीन नाही. आणि मेंढ्या त्या मेंढपाळाच्या कुठल्या, मालकाच्या. मोजायलाच ठेवलाय त्याला. मोजल्या नाहीत तर चाबूक.’ तुझ्या आईचंच तोंड.

मग म्हणाली, ‘एनॉकने लिहिलं? खरंच लिहिलं? माझ्यासाठी?’

‘तुझ्यासाठीच लिहिलंय,’ म्हटलं. माझ्यासाठी नाही, एवढं गाळलं.

तिने विचारलं, ‘यादीत सतरा कसं रे लिहिलं गेलं, बा? मी तर तेव्हा बाहुली घेऊन हिंडत होते.’ मी म्हटलं, लिहिणाऱ्याला दिसत नसेल नीट. उंच होतीस तू.

जबानीची कागदपत्रं केंटकीला गेली. कोर्ट जूनमध्ये बसेल.

ओबेद


१६ एप्रिल १८२८

एनॉक, आधी हे: तिथून निघ. मर्सीला घे, पोरांना घे, उत्तरेला जा, तळ्यापलीकडे इंग्रजांच्या मुलखात, तिथून कोणाला परत धाडत नाहीत. पिंपांची हत्यारं राहू देत. पुढचं वाटेत वाच.

मी तो कागद जाळला नव्हता.

नाव-गाव उतरवून घेतलं, शेगडीचं दार उघडलं, आणि माझा हात आत जाईना. एकतीस वर्षांत तुझ्या हातच्या दोन वस्तू माझ्याकडे आल्या, दोन्ही कागद. वाटलं, एक दिवस ठेवू. पेलसाहेबांकडे चिठ्ठी द्यायला गेलो तेव्हा तो खिशात होता. ते म्हणाले, ‘हा पत्ता खरा कशावरून?’ मी चिठ्ठीवरच थांबायला हवं होतं. मी कागद काढून दाखवला. पत्ता खरा आहे म्हणून नाही रे. अक्षर दाखवायला. माझा मुलगा कसा लिहितो ते एका गोऱ्या माणसाने बघावं म्हणून. ते म्हणाले, ‘जरा ठेवतो, अर्जाला आधार होईल.’ मी नको म्हटलं नाही. तू बजावलं होतंस तेही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं असतं आणि मला मूर्ख म्हटलं असतं.

आज कोर्टाच्या पायरीशी रॉजरचा वकील भेटला. जाड माणूस, नेहमी बडीशेपेचा वास येतो. कधी माझ्याकडे बघत नाही. आज थांबला, टोपीला हात लावला आणि म्हणाला, ‘काका, पोराचं अक्षर सुरेख आहे हं.’

मी पेलसाहेबांकडे धावलो. अर्जाला तुझं पत्र टाचलेलं होतं. दाव्यातला प्रत्येक कागद समोरच्याला बघायचा हक्क असतो. साहेब म्हणाले, ‘काका, मला काय माहीत? तुम्ही काहीच बोलला नाहीत.’ खरं आहे ते.

रॉजर हॅरोबाईचा चुलतभाऊ आहे. त्याने केंटकीला लिहिलं असेल तर कधी लिहिलं, कोणास ठाऊक.

पळ, लेकरा.


३ जुलै १८२८

एनॉक,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. टाकायचं कुठे? तुझ्या पत्त्यावर तू नाहीस, आणि जिथे आहेस तिथे पत्र आधी दुसरी माणसं वाचतात.

मर्सीचं पत्र मेअखेर आलं, शेजारणीने लिहून दिलेलं. मेच्या पाच तारखेला सकाळी पिंपांच्या कारखान्यात तिघे जण आले, हॅरोबाईचे दोन मुलगे आणि एक हवालदार. तू हातोडा उचलला नाहीस म्हणे. धाकटी मुलगी डबा घेऊन आली होती, तिच्यादेखत नको म्हणालास आणि चालू लागलास. माझं पत्र सहा तारखेला पोचलं. मर्सी लिहिते, ‘आता शरद ऋतूत ते त्याला नदीने खाली दक्षिणेत, नॅचेझच्या गुलामांच्या व्यापाऱ्याला देणार आहेत. तो व्यापारी चाळिशीपुढचा माणूस घेत नाही. एनॉक एकोणचाळिसाचा. एका वर्षाने हुकलं.’ शेवटी लिहिते, ‘तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. तो तुमच्याबद्दल कधी बोलायचा नाही.’

हे पत्र माझ्या खिशात असताना मी कोर्टात गेलो. केझीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे दावा मागे घेतला असता, आणि मग तूही गेलास आणि तीही गेली असती. असं मी स्वतःला सांगितलं. मला स्वतःला पुष्कळ काही सांगता येतं, त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

हॅरोबाईची जबानी कारकुनाने वाचली. खणखणीत वाचली. ‘मी सात वर्षांची होते. डुकरं मारायचा आठवडा होता. मी घोंगडी घेऊन गेले होते. केझाया माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे, आणि माझं लग्न झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती.’ सगळं खरं, अक्षरन् अक्षर. घोंगडीचा रंगसुद्धा. तिला खोटं बोलायचं कारणच नव्हतं. तिचं हरवलेलं माणूस आमच्याच कागदाने घरी आलं होतं.

रॉजरच्या वकिलाने यादी पुढे केली. ‘पण इथे सतरा लिहिलंय. ते कोणी सांगितलं?’ मी भिंतीपाशी उभा होतो, काळ्या माणसांच्या जागी. मला विचारलं असतं तरी माझं उत्तर कोणी लिहून घेतलं नसतं. तीस वर्षांपूर्वी मात्र घेतलं होतं.

होय. मी सांगितलं होतं सतरा.

तुला आठवतंय. तुला आठवतंय म्हणूनच तू मला ‘उत्तर नको’ लिहिलंस. अक्रोडाच्या झाडाखाली टेबल होतं, तीन गोरे बसले होते, एकाच्या हातात लेखणी. थॉर्नहिलांच्या माणसांना ओळीने उभं केलं होतं; मी मास्तरांचा, पण तुमच्यापाशी उभा होतो. चौदाच्या आतली लेकरं केंटकीला, बाकीची इथेच राहणार, हे सगळ्यांना कळलं होतं. केझी आईएवढी उंच झाली होती. लेखणीवाला म्हणाला, ‘ही?’ मी म्हटलं, ‘सतरा, साहेब.’ आणि तू, माझ्या मांडीला चिकटून उभा, खदखदून हसलास. ‘केझी सतरा? बा, केझी सतरा?’

मी तुझ्या थोबाडीत मारली. तुझे पुढचे दोन दात पडलेले होते, रक्त आलं. लेखणीवाल्याने तुझ्याकडे बघितलं, त्या फटीकडे बघितलं आणि न विचारताच आठ लिहिलं. तुझ्यासाठी खोटं बोलायला जागाच नव्हती रे. त्यानंतर चार दिवसांनी तुम्हाला गाडीत घातलं. त्या चार दिवसांत तू माझ्याजवळ आला नाहीस. तुझ्या अंगाला माझा हात शेवटचा लागला तो तो.

तुझी आई त्यानंतर दोन वर्षं जगली. तिने मला कधी दोष दिला नाही. फक्त ‘ती कविता म्हणू नकोस’ असं तिने मला एकदा सांगितलं. मी तिच्यासमोर म्हणायची सोडली. बाहेर जाऊन म्हणायचो.

ज्यूरी बाहेर गेली आणि खाणावळीची घंटा व्हायच्या आत परत आली. केझाया मोकळी. पेलसाहेबांनी माझा हात हातात घेतला, सगळ्यांसमोर. रॉजर आपल्या वकिलाला म्हणाला, ‘जाऊ द्या. एका बाईचं काय.’ आणि माझ्याकडे बघून हसला. त्याच्या घराण्याने एक देऊन एक घेतलं होतं.

कारकुनाने केझीला कागद लिहून दिला. ‘उंच, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, वय त्रेचाळीस.’ ती मला म्हणाली, ‘वाच, बा. वय पुन्हा वाच.’ मी तीनदा वाचलं. ती लहान मुलीसारखी उड्या मारायचीच काय ती बाकी होती. म्हणाली, ‘आता एनॉकला कळवू. मी स्वतः जाईन त्याच्याकडे. पिंपात बसून जाईन.’

शाळेमागे आलो. मी म्हटलं, ‘बस.’ ती बसली. मग मी सगळं सांगितलं, सतरापासून मर्सीच्या पत्रापर्यंत.

ती हातातल्या कागदाची घडी घालत होती, उघडत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे दोन्ही वेळा तोच.’

‘केझी…’

‘दोन्ही वेळा तू मला ठेवलंस आणि त्याला दिलंस.’

‘मी दिलं नाही गं. मी फक्त…’

‘पहिल्या वेळी मी बारा वर्षांची होते, बा. मला विचारायचं नव्हतं, ठीक आहे. आता त्रेचाळीस आहे. कोर्टाने लिहून दिलंय. आता तरी विचारायचंस.’

मी म्हटलं, ‘तू नाही म्हणाली असतीस.’

‘म्हणूनच विचारायचं असतं,’ ती म्हणाली.

ती उठली. मी म्हटलं, ‘बस ना जरा. भाकरी आहे.’ तिने दाराची कडी धरून म्हटलं, ‘मला बस म्हणू नकोस.’ दुसऱ्या दिवशी बाल्टिमोरच्या होडीत बसली. तिथे कोणाचे तरी कपडे धुते असं कळलं. मी तिथल्या चर्चच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. तिला वाचता येत नाही, आणि कोणाकडून वाचून घेत नसावी.

पोरांना सुट्टी लागलीय. शाळेत कोणी नाही. खडूची पूड झाडतो, पुन्हा साचते. आता ओठ हलत नाहीत.


९ ऑगस्ट १८२८
एनॉक यास,
मिसेस ल्युसिंडा हॅरो यांच्या घरी, मेसव्हिलजवळ, केंटकी

एनॉक,

बाईसाहेबांना माझा नम्र नमस्कार सांग. त्यांच्या कृपेने तू पुन्हा आपल्या जागी पोचलास हे ऐकून म्हाताऱ्याला समाधान वाटलं. त्यांनी केझायाबद्दल शपथेवर खरं तेच सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. त्यांची आठवण किती पक्की! घोंगडी लालच होती.

त्या दिवसाची एक गोष्ट बाईसाहेबांना माहीत नसणार, कारण बाळ बघून झाल्यावर त्यांना लगेच घरात नेलं होतं. तू त्यानंतर तासाभराने जन्मलास. तू आणि केझाया जुळी. थोरल्या साहेबांच्या घरी हे कोणी सांगितलं नाही, कारण तू इतका कृश होतास की जगशील असं कोणालाच वाटलं नव्हतं. तेव्हा बाईसाहेबांच्याच शपथेप्रमाणे जे केझायाचं वय तेच तुझं, म्हणजे त्रेचाळीस पूर्ण, येत्या डिसेंबरात चव्वेचाळीस. कोणी विचारलं तर असंच सांग.

छाती तुझी पहिल्यापासून कमजोर. थंडीत खोकला छातीत उतरायचा. पिंपांच्या कामाने पाठही गेली असेल. अशा माणसाला नदीने खाली दक्षिणेत पाठवून कोणाचंच भलं होणार नाही, तो वाटेतच जायचा. घरातच ठेवला तर अजून काही वर्षं लाकडं फोडील, पाणी भरील. हे मी बाईसाहेबांच्या भल्यासाठी लिहितो.

यादी झाली तेव्हा तुझं वय आठ लिहिलं गेलं, ती लिहिणाऱ्याची चूक. तो तुझ्या तोंडाकडे बघून फसला. जुळ्यांत एक नेहमीच मागे राहतं. उंची मागे राहिली, दातही मागे राहिले. दुधाचे दात तुझे फार उशिरा पडले, एनॉक. बाराव्या वर्षी. मला चांगलं आठवतंय.

तुझा बाप,
ओबेद